एकाच विहिरीचं पाणी

कल्याणी म्हैसने ही अकोल्याच्या मुख्य टपाल कार्यालयात आपल्या टेबलाशी उभी होती, तेव्हा ‘पारख’चा निरोप आला. शस्त्रक्रियेला अकरा दिवस उरले होते. हातातलं पार्सल तसंच धरून तिने मनगटावरचा पट्टा डोळ्यांजवळ नेला. ‘दात्याची परवानगी मागे घेण्यात येत आहे. जनुकीय जोखीम : लाल.’

तिने ते दोनदा वाचलं. मग पार्सल चुकीच्या पेटीत टाकलं, पुन्हा बाहेर काढलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणाली, "मी जरा बाहेर जाऊन येते."

२०४४ साली पत्रं वाटण्याचं बरंचसं काम यंत्रंच करत. यंत्राला न लागणारे पत्ते तेवढे माणसांकडे येत, आणि वऱ्हाडातला कुठलाही पत्ता कल्याणीला लागला नाही असं आजवर झालं नव्हतं. सोळा वर्षं ती हेच करत होती. घरी, ऑफिसात सगळीकडे ती धीराची बाई म्हणून ओळखली जाई. पण त्या दिवशी ती सायकलतळाच्या कट्ट्यावर बसली आणि तिला तिथून उठवेना.

तिचा धाकटा भाऊ प्रफुल ताथोड तेल्हारा तालुक्यात उमरखेडीला राहायचा. मोटरपंप दुरुस्त करण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चार वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा अकोल्याला येऊन चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसणं, हेच त्याचं वेळापत्रक झालं होतं. वडील बावन्नाव्या वर्षी याच दुखण्याने गेले. चुलतेही गेले. "ताथोडांच्या रक्तातच आहे ते," असं गावात सगळे म्हणत आणि ताथोडही म्हणत. कल्याणी मात्र ठणठणीत होती. तिचा रक्तगट जुळला, पेशी जुळल्या, लघवी, रक्तदाब, सगळं उत्तम निघालं. ‘पारख’नेही दोन आठवड्यांपूर्वी हिरवा शेरा दिला होता. मग आज काय झालं?

झालं होतं ते असं. माणसाच्या पेशीत सुमारे तीन अब्ज जनुकीय अक्षरांची एक लांबलचक माळ असते. दोन माणसांच्या माळा जवळजवळ सारख्याच, पण अधूनमधून एखादं अक्षर वेगळं. यातलं कुठलं वेगळं अक्षर कुठल्या रोगाशी जोडलेलं आहे, हे शोधणारे हजारो अभ्यास जगभर होत असतात. ते सगळे वाचून, त्यांचं वजन करून प्रत्येक अक्षराला लाल, पिवळा किंवा हिरवा शेरा देणारी संगणकप्रणाली म्हणजे ‘पारख’. अवयवदानाच्या कायद्याने तिचा हिरवा शेरा सक्तीचा केला होता. हेतू चांगलाच होता. जो आज किडनी देतोय, त्यालाच उद्या किडनीचा आजार होऊ नये.

कल्याणीच्या माळेत एक अक्षर वेगळं होतं. शास्त्रज्ञांनी त्याला ‘क-सात’ असं नाव दिलं होतं. त्या सोमवारी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता : नऊ हजार रुग्ण, चाळीस हजार निरोगी माणसं. निष्कर्ष असा की ‘क-सात’ असणाऱ्यांना किडनीच्या आजाराचा धोका तिप्पट.

पण गुरुवारी शेरा पुन्हा बदलला. ‘हिरवा. क-सात बहुधा संरक्षक.’ कुठल्या तरी दुसऱ्या अभ्यासात उलटंच निघालं होतं. कल्याणीने आनंदाने प्रफुलला फोन केला. शनिवारी सकाळी पुन्हा लाल.

"हे यंत्र आहे का वात आलेलं माणूस?" ती घरी येऊन म्हणाली.

तिचा नवरा मिलिंद कृषी विद्यापीठात हवामान विभागात होता. जेवणं झाल्यावर त्याने टेबलावर एक कागद ठेवला. त्यांची चौदा वर्षांची मुलगी शर्वरी, तिचाही अहवाल त्याने मागवून घेतला होता. क-सात : आहे.

"तिला विचारलंस?" कल्याणीने विचारलं.

"विचारलं. ती म्हणाली, बघू या." मिलिंदचा आवाज खाली आला. "कल्याणी, मी प्रफुलच्या वाईटावर नाही. पण तू तुझी एक किडनी त्याला दिलीस, आणि वीस वर्षांनी शर्वरीला लागली तर? तेव्हा आपण काय द्यायचं?"

कल्याणीने कागद उचलून पुन्हा वाचला. शर्वरी दारात उभी राहून ऐकत होती, हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं.

"मला काही होणारे का?" शर्वरीने विचारलं. दोघंही एकदमच "नाही गं" म्हणाले, आणि दोघांचंही ते ‘नाही’ तिला पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसच्या खुर्चीत पडल्यापडल्या प्रफुल म्हणाला, "ताई, राहू दे. मले नाही पायजे तुई किडनी. पोरीचा विचार कर."

"तू चूप राह्य," कल्याणी म्हणाली. भावाशी बोलताना तिची भाषा आपोआप गावाकडे वळे. "आधी मले समजू तर दे, खरं काय हाय ते."

खरं काय ते समजून घ्यायला ती डॉ. झरीन काझींकडे गेली. त्या जनुकीय समुपदेशक होत्या. म्हणजे असले अहवाल लोकांना समजावून सांगणाऱ्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना समोरच्याला चहा पाजल्याशिवाय मुद्द्यावर न येणाऱ्या.

"कल्याणीताई, तीन अभ्यास आहेत," चहा झाल्यावर त्या म्हणाल्या. "एक म्हणतो धोका तिप्पट. दुसरा, सहाशे माणसांचा, म्हणतो काही संबंध नाही. तिसरा म्हणतो हे अक्षर असलं तर किडनी उलट सुरक्षित. तिसऱ्याचं आधी सांगते. त्यात माणसं फक्त एकशे चाळीस. नाणं दहा वेळा उडवलं आणि सात वेळा छापा पडला, तर नाणं खोटं आहे असं आपण म्हणत नाही. तसंच ते. आणि असं काही चमत्कारिक निघालं की लगेच छापून येतं. काहीच निघालं नाही, तर कपाटात राहतं."

"मग मोठा अभ्यास खरा?"

"‘पारख’ तसंच धरते. जितकी माणसं जास्त, तितकं वजन जास्त. संख्या मोठी असली की नशिबाचा खेळ कमी होतो, हे खरं. पण तराजूच एका बाजूला कलता असेल, तर जास्त वेळा तोलून तो सरळ होतो का? चुकीचंच उत्तर आणखी ठामपणे मिळतं." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "तराजू कलता आहे का, तेच मी आठ दिवस बघतेय. माणसांची नावं आपल्याला दिसत नाहीत. वय, स्त्री की पुरुष, आणि राहण्याचा पिनकोड, एवढंच."

पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरकू लागल्या. कल्याणी पुढे झुकली.

"थांबा," ती म्हणाली. "हे रुग्णांचे आहेत?"

"हो."

"तेल्हारा. संग्रामपूर. हे पुन्हा तेल्हारा. हे दर्यापूरकडचं. आकोटच्या खालचं..." तिचं बोट पडद्यावरून फिरत होतं. रोज आठ तास ती हेच आकडे बघायची. तिच्यासाठी ते आकडे नव्हतेच, रस्ते होते, वेशी होत्या, पोस्टमन होते. "डॉक्टर, निम्मे लोक तर आमच्याकडचेच आहेत. सगळा खारपाणपट्टा आहे हा."

डॉ. काझींनी चष्मा काढला. "मला एवढंच दिसत होतं की रुग्ण विदर्भातले बरेच आहेत."

"विदर्भ केवढा मोठा! हा पूर्णा नदीकाठचा एक पट्टा आहे, डॉक्टर. जमिनीखाली खारं पाणी. माझ्या लहानपणी आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही. पितळेच्या भांड्यावर पांढरा थर बसायचा. आणि तेच आम्ही प्यायचो." ती थांबली. "निरोगी माणसं कुठली घेतलीत यांनी?"

डॉ. काझींनी दुसरी यादी उघडली. कल्याणीला वाचायला वेळ लागला नाही. चारशे अकरा, चारशे, चारशे बावीस. पुणे, मुंबई, नाशिक. रक्तदान शिबिरांत आलेली शहरातली माणसं.

डॉ. काझींनी दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवल्या.

"बघा हं," त्या सावकाश म्हणाल्या. जणू स्वतःलाच समजावत होत्या. "या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आपापसात, जवळच्या गावांतच लग्नं करत आली. त्यामुळे काही अक्षरं इथे इतरांपेक्षा जास्त आढळणार. क-सात त्यातलंच एक असेल. आणि किडनीचे रुग्णही इथे जास्त, पण ते समजा पाण्यामुळे. मग इथले रुग्ण आणि तिकडचे निरोगी शेजारी ठेवले की क-सात गुन्हेगार दिसणार. त्याने काहीही केलेलं नसताना."

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की याच पद्धतीने अभ्यास केला असता, तर ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणणाऱ्यांची किडनी खराब होते, हेसुद्धा सिद्ध झालं असतं."

कल्याणी इतक्या मोठ्याने हसली की बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघू लागली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती. पण डॉ. काझी हसल्या नाहीत.

"हा फक्त संशय आहे, ताई. संशोधकांनी वंशाचा फरक वजा केलाय, पण मोठ्या चाळणीने. भाषा, प्रांत, एवढाच. गावपातळीचा फरक त्यातून निसटला असणार. असणार म्हणतेय. क-सात खरोखर वाईट असण्याची शक्यता अजून संपलेली नाही. त्यासाठी वेगळी तुलना करावी लागेल."

"कुणाची?"

"भावंडांची."

त्यांनी कागदावर एक घर काढलं, एक विहीर काढली, दोन मुलं काढली. एकाच घरातली सख्खी भावंडं. तेच आईवडील, तेच गाव, तेच पाणी. पण आईच्या किंवा बापाच्या माळेतलं ते अक्षर कुठल्या मुलाला येईल, हे निसर्ग चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो. आता अशा जोड्या घ्यायच्या, की एक भावंड आजारी आहे, दुसरं निरोगी, आणि दोघांपैकी एकातच क-सात आहे. अक्षर दोषी असेल, तर ते आजारी भावंडात जास्त वेळा सापडेल. निर्दोष असेल, तर निम्म्या वेळा इकडे, निम्म्या वेळा तिकडे.

"किडनी द्यायला आलेल्या भावंडांची माळ ‘पारख’ने वाचलेलीच आहे. त्यांच्या आजारी भावंडांची कोणी वाचली नाही, कारण त्यांची किडनी तर गेलेलीच! पण पेशी जुळवताना त्यांचं रक्त घेतलेलं असतं. राज्याच्या साठ्यात ते गोठवून ठेवलंय. त्यातलं एकच अक्षर वाचायचंय."

"प्रफुलचंही वाचलं नाही?"

"नाही."

कल्याणीने मनगटावरचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. "मग आधी त्याचं वाचा."

तीन दिवसांनी डॉ. काझींचा फोन आला, तेव्हा कल्याणी, मिलिंद आणि शर्वरी तिघंही स्वयंपाकघरात होते. कल्याणीने आवाज मोठा केला.

"प्रफुलमध्ये क-सात नाही," डॉ. काझी म्हणाल्या.

मिलिंदने गॅस बंद केला. "नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. ज्यांच्याकडे ते अक्षर आहे त्या कल्याणीताई ठणठणीत, आणि ज्याच्याकडे नाही तो डायलिसिसवर. पण एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवा. मी बाकीच्या जोड्या मागवल्या आहेत. तीन आठवडे तरी लागतील."

फोन ठेवल्यावर शर्वरी म्हणाली, "मग मामाला कशामुळे झालं?"

कल्याणी खुर्चीवर बसली. हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारलाच नव्हता. रक्तात आहे म्हटल्यावर पाण्याकडे कोण बघतं? ती दहा वर्षांची असताना वडिलांनी तिला शिकायला अकोल्याला आत्याकडे ठेवलं. इथे धरणाचं पाणी नळाला यायचं. प्रफुल गावात राहिला. विहिरीचं पाणी प्यायला, ऊन खाल्लं, पंप उचलून पाठ धरली की दुखण्याच्या गोळ्या घेतल्या. "मी इथे आले," ती मिलिंदला म्हणाली, "आणि तो तिथेच राहिला. एवढाच फरक आहे रे आमच्यात."

मिलिंदने तिच्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "त्या पट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्याच्या जुन्या तपासण्या आमच्या विद्यापीठात असतील. डॉक्टरांना उपयोगी पडतील का, विचार." त्याचा विरोध मावळला, तो असा. तोंडाने त्याने तसं कधी कबूल केलं नाही.

ते तीन आठवडे वाईट गेले. शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख येऊन गेली. प्रफुलच्या हातातली डायलिसिसची शीर गुठळीने बंद पडली. मानेतून नळी घालावी लागली, तिथे जंतुसंसर्ग झाला, ताप चढला. कल्याणी त्याच्या उशाशी बसली होती, तेव्हा मनात साठलेलं ती बोलून गेली.

"बाबानं मले शहरात पाठवलं, तुले नाही. माह्यामुळं झालं हे."

तापात असूनही प्रफुलने डोळे उघडले. "येडी हाय का तू? मलेबी पाठवलं होतं."

"कधी?"

"तू गेल्यावर दुसऱ्याच वर्षी. आत्याकडं दोन दिवस राह्यलो, तिसऱ्या दिवशी एस्टीत बसून एकटाच परत आलो. तू सहलीले गेली होती. मले शाळाच नको होती, मले मोटरी पाह्यजे होत्या. बाबानं मारलं, पण पुन्हा नाही धाडलं." तो दमून थांबला. "आत्यानं तुले सांगितलं नसंन. लाज वाटली असंन तिले."

इतके दिवस जे ओझं कल्याणी वाहत होती, ते त्याने दोन वाक्यांत उतरवून खाली ठेवलं होतं. तिला रडू आलं आणि हसूही.

"काहून रडून राह्यली?" प्रफुलने विचारलं.

"काही नाही. झोप तू."

निकाल आला तो एका बुधवारी. निकषांत बसणाऱ्या एक हजार दोनशे चाळीस जोड्या सापडल्या होत्या. त्यांतल्या सहाशे चोवीस जोड्यांत क-सात आजारी भावंडात होतं, आणि सहाशे सोळा जोड्यांत निरोगी भावंडात. चिठ्ठ्या टाकून वाटल्यासारखं, जवळजवळ बरोबर निम्मं-निम्मं.

‘पारख’ मात्र लालच दाखवत राहिली. तिच्या हिशेबी पन्नास हजार माणसांपुढे अडीच हजार माणसं म्हणजे काहीच नव्हतं. ‘पारख’चा शेरा लेखी कारण देऊन बाजूला ठेवण्याचा अधिकार अवयवदान समितीला होता. सहा वर्षांत तो एकदाही वापरला गेला नव्हता. कल्याणीने तसा अर्ज केला.

समितीच्या बैठकीत डॉ. काझींनी वीस मिनिटं बोलून तीनही अभ्यास उलगडून दाखवले. मिलिंदने मिळवलेल्या पाण्याच्या तपासण्या आणि रुग्णांचे पिनकोड त्यांनी एकाच नकाशावर ठेवले, तेव्हा दोन्ही रंग एकमेकांवर बसले. अध्यक्ष एक वयस्क सर्जन होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "या बाईंना पुढे कधीच किडनीचा त्रास होणार नाही, अशी हमी देता का तुम्ही?"

"नाही, सर," डॉ. काझी म्हणाल्या. "एक किडनी देणाऱ्या कुणालाच तशी हमी देता येत नाही. थोडी जोखीम असतेच, आणि ती मी त्यांना सांगितली आहे. मी एवढंच म्हणते, की या अक्षरामुळे त्यात भर पडते असा पुरावा नाही. त्यांच्या किडन्या कशा आहेत हे आपण प्रत्यक्ष तपासलंय. त्या उत्तम आहेत."

अध्यक्ष कल्याणीकडे वळले. "तुम्हाला काही सांगायचंय?"

कल्याणी उठून उभी राहिली. तिने बोलायचं पाठ करून आणलं होतं, ते सगळं विसरली. "साहेब, आमच्या गावात चाळीस वर्षं लोक म्हणतात की रक्तातच आहे. म्हणून कोणी पाणी तपासलं नाही. माझा अर्ज नामंजूर केलात तरी चालेल, पण यंत्रातला तो लाल शेरा काढा. नाहीतर लोक अजून चाळीस वर्षं रक्तालाच दोष देतील."

अध्यक्षांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि समोरचा कागद ओढून स्वतःच्या हाताने लिहायला सुरुवात केली. बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, "तुमचा अर्ज मंजूर आहे. आणि शेऱ्याचंही लिहिलंय."

बाहेर आल्यावर मिलिंदने कल्याणीला बाकावर बसवलं. डॉ. काझी म्हणाल्या, "चला, आधी चहा."

‘पारख’मध्ये दुरुस्ती व्हायला अजून नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी शर्वरी शाळेतून आली आणि दप्तर न उतरवताच तिने आईला अहवाल दाखवला. क-सातसमोर कुठलाच रंग नव्हता. ‘रोगाशी संबंध आढळत नाही,’ एवढं एकच साधं वाक्य. "किती कंटाळवाणं वाक्य आहे ना?" ती म्हणाली, आणि आईच्या गळ्यात पडली.

संसर्ग पूर्ण बरा झाल्यावरच प्रफुलला टेबलावर घेतलं, आणि शस्त्रक्रिया साडेपाच तास चालली. कल्याणीला शुद्ध आली तेव्हा कूस ठणकत होती, घसा कोरडा पडला होता. तिने डोळ्यांनीच विचारलं. मिलिंद वाकून म्हणाला, "टेबलावरच लघवी सुरू झाली त्याची. सर्जन म्हणाले, नळ सोडल्यासारखी."

चौथ्या दिवशी भिंतीला धरून धरून ती प्रफुलच्या खोलीपर्यंत गेली. चेहऱ्यावरची सूज उतरली होती. वडिलांसारखं टोकदार नाक पुन्हा दिसू लागलं होतं. तो पलंगावर बसून हातातल्या भरल्या पेल्याकडे संशयाने बघत होता. गेली चार वर्षं तो दिवसाचं पाणी मोजूनमापून प्यायला होता, उन्हाळ्यातसुद्धा. बर्फाचा खडा चोखत दुपार काढायचा.

"हे सिस्टर म्हणतात, तीन लिटर प्याचं," तो म्हणाला. "ताई, खरंच पिऊ?"

"पी न बाप्पा. पोटभर पी."

त्याने पेला तोंडाला लावला. आधी घोट-घोट, घाबरत. मग एकदम गटागटा. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं. पेला रिकामा झाल्यावर त्याने डोळे मिटून श्वास घेतला.

"कसं हाय?" कल्याणीने विचारलं.

"गोड हाय," प्रफुल म्हणाला, आणि पेला पुन्हा पुढे केला.